मोजक्या साथीतले ट्रंपेट

चेट बेकर या अमेरिकन ट्रंपेटवादकाविषयी जे काही लिहिले व बोलले जाते, त्याचा शेवट बहुधा दोन ठरीव निकालांपैकी एका निकालात होतो. पहिला निकाल असा की, 1952 पासूनच्या चार-पाच वर्षांत कॅलिफोर्नियातील एका देखण्या तरुणाने काही निर्मळ, मोहक तबकड्या मुद्रित केल्या आणि पुढची तीन दशके त्या दैवी देणगीची उधळपट्टी करण्यात घालविली. दुसरा निकाल याच्या उलट आहे: तारुण्यातले ते वादन नुसते गोड होते, हेरॉइनचे व्यसन, तुरुंगवास, दातांचा नाश आणि देशोदेशीची वणवण भोगल्यावरच त्याच्या स्वरांत खरे आर्त उतरले. परस्परांच्या विरुद्ध भासणारे हे दोन्ही पक्ष वस्तुतः एकाच गृहीतावर उभे आहेत, आणि ते गृहीत म्हणजे ध्वनिमुद्रण हा त्या मनुष्याच्या आयुष्याचा साक्षीपुरावा होय. एक पक्ष छायाचित्रकार विल्यम क्लॅक्स्टनने टिपलेला त्याचा कोवळा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून ऐकतो, तर दुसरा पक्ष उत्तरायुष्यातला सुरकुतलेला चेहरा. पण ऐकण्यापूर्वी पाहण्याची खोड दोघांनाही सारखीच जडलेली आहे.

मला या दोन्ही पक्षांशी वाद घालावयाचा आहे. माझे प्रतिपादन असे की, बेकरच्या कलेतील चढउतारांची रुजवात त्याच्या सुखदुःखांशी घातली तर ती जुळत नाही. त्याच्या सभोवती कोणती वाद्ये होती, किती होती, आणि त्याहीपेक्षा कोणती नव्हती, याच्याशी ती जुळते. सुरावटीला बाहेरून मिळणारे आधार ज्या ज्या वेळी काढून घेतले गेले, त्या त्या वेळी त्याची सुरावट अधिक बांधेसूद आणि अधिक जबाबदार झाली. हे घडण्याची कारणे वृंदाच्या रचनेत आहेत, आणि ती कानाने तपासून पाहता येण्याजोगी आहेत.

प्रथम त्याच्या शिक्षणाविषयी थोडेसे. 23 डिसेंबर 1929 रोजी ओक्लाहोमा राज्यातील येल या लहान गावी त्याचा जन्म झाला. वडील गिटार वाजवीत. त्यांनी मुलाला आधी ट्रॉम्बोन आणून दिला आणि तो त्याच्या लहान अंगाला झेपेना म्हणून मग ट्रंपेट हाती दिले. सोळाव्या वर्षी तो लष्करात दाखल झाला, बर्लिनच्या लष्करी बँडमध्ये वाजवू लागला, आणि पुढे सान फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ छावणीतील बँडमध्येही त्याने नोकरी केली. इतके होऊनही लेखी स्वरलिपी आणि स्वरसंवादाचे शास्त्र यांत तो कधी पारंगत झाला नाही. त्याचा सारा कारभार कानावर चाले, आणि ही गोष्ट पुढील विवेचनाला फार महत्त्वाची आहे.

1952 साली लॉस अँजेलिसच्या विल्शर रस्त्यावरील 'हेग' नावाच्या एका छोट्या क्लबात बॅरिटोन सॅक्सोफोनवादक जेरी मलिगन याने जो चौघांचा वृंद उभा केला, त्यात ट्रंपेट बेकरचे होते. बासवर प्रथम बॉब व्हिटलॉक व नंतर कार्सन स्मिथ, ड्रमवर चिको हॅमिल्टन. आणि पियानो नव्हता. जॅझमध्ये पियानोचे काम काय असते हे ध्यानात घेतल्यावाचून या अभावाचे महत्त्व कळावयाचे नाही. पियानो हा वृंदातला दप्तरदार असतो: कोणत्या क्षणी कोणता स्वरसमूह अंमलात आहे याची नोंद तो ठेवतो आणि ती सर्वांना सतत वाचून दाखवितो. त्यामुळे एकल वादन करणाऱ्याने मधेच एखादा संदिग्ध स्वर लावला तरी त्याचा अर्थ पियानो सांभाळून घेतो, श्रोत्याला कोठेही चुकल्यासारखे वाटू देत नाही. हा दप्तरदार उठून गेला की ती नोंद कोणीतरी ठेवावीच लागते. मग बासवादक पायाचा स्वर देतो, दुसरे फुंकवाद्य मधला एखादा स्वर देते, आणि ट्रंपेटला आपल्या सुरावटीतच असे स्वर निवडावे लागतात की ज्यांवरून न वाजलेला उरलेला स्वरसमूह श्रोत्याच्या मनात आपोआप पूर्ण व्हावा. तेथे एकही स्वर केवळ शोभेसाठी खर्चता येत नाही.

याचे एक उदाहरण जवळून पाहू. रिचर्ड रॉजर्स याने 1937 सालच्या एका संगीतिकेसाठी रचलेले 'माय फनी व्हॅलेंटाइन' हे गीत या वृंदाने सप्टेंबर 1952 मध्ये सान फ्रान्सिस्को येथे मुद्रित केले. गीताच्या प्रारंभी मूळ स्वरसमूह काही मापांपर्यंत बदलतच नाही; बदलतो तो त्याच्या पोटातला एकच स्वर, आणि तो अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरत जातो: षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत. पियानो असता तर ही उतरंड त्याच्या मधल्या बोटांत लपली असती. येथे ती बासच्या गंभीर स्वरांत उघडीच ऐकू येते, आणि तिच्यावर बेकरचे ट्रंपेट षड्ज, ऋषभ आणि कोमल गंधार या तीन जवळजवळच्या स्वरांतच फिरत राहते. वरची सुरावट जवळपास स्थिर आणि खालची जमीन सरकत आहे, अशी ही योजना असल्यामुळे तोच ऋषभ दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याचा अर्थ पहिल्याहून वेगळा झालेला असतो. बेकर त्या स्वरावर कंप देत नाही, त्याला अलंकार चढवीत नाही, तो मोठाही करीत नाही. त्याखाली चाललेल्या बदलाला त्या स्वराचा अर्थ पालटावयास जितका अवकाश लागतो, नेमका तितकाच वेळ तो स्वर धरून ठेवतो. मलिगनचा सॅक्सोफोन खालून दीर्घ स्वर लावून तिसरी बाजू सांभाळतो. तीन मिनिटांच्या आत हे सर्व आटोपते, कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर त्याहून अधिक मावत नसे.

रागसंगीतावर वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे वादन चटकन आपलेसे वाटण्याचा संभव आहे, आणि तेथेच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पियानो नाही, एकच सुरावट पुढे चालली आहे, स्वरांना अवकाश भरपूर आहे, तेव्हा हे आपल्या आलापीच्या जवळचे काहीतरी असावे, अशी समजूत सहज होते. परंतु आपल्याकडे तंबोऱ्याने षड्ज एकदा स्थापन केला की मैफल संपेपर्यंत तो ढळत नाही, आणि प्रत्येक स्वराचे मोल त्या अचल षड्जावरून ठरते. जॅझमध्ये आधारस्वर दर एक-दोन मापांनी जागा बदलतो, आणि गायक-वादकाची परीक्षा ही की त्या फिरत्या आधारांचा सर्व हिशेब त्याने मनात ठेवावा. बेकरचे वादन साधे वाटते. पण या फिरत्या हिशेबात तो क्वचितच चुकतो, आणि तोही हिशेब कागदावर न मांडता. त्याची सुरावट साथीवाचून नुसती गुणगुणून पाहावी. ती ऐकताना मूळ गीताचा सगळा स्वरसांगाडा मागे उभा असल्याचे जाणवते. माझ्या मते त्याच्या प्रतिभेचे मर्म येथे आहे, आणि चेहऱ्याच्या देखणेपणाचा किंवा भकासपणाचा तिच्याशी काडीमात्र संबंध नाही.

आपल्या कानांची आणखी एक सवय आड येते. मराठी माणसाने ट्रंपेट प्रथम ऐकले ते लष्करी बँडात, लग्नाच्या वरातीत आणि हिंदी चित्रपटांच्या संगीतात. सी. रामचंद्र यांनी चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाला सोबत घेऊन 'अलबेला' या 1951 सालच्या चित्रपटात जी झळझळीत, उसळती पितळी वाद्यांची गाणी दिली, त्यांनी ट्रंपेट म्हणजे हर्षाची ललकारी हे समीकरण आपल्या मनात पक्के केले. मला ती गाणी अतिशय प्रिय आहेत, आणि मुंबईतील गोमंतकीय वादकांचे ऋण आपण अद्याप पुरेसे फेडलेले नाही असेही मी मानतो. तथापि ट्रंपेटला दुसरेही एक कार्य साधते. ध्वनिग्राहक वाद्याच्या अगदी जवळ आणला, वादकाने मध्य सप्तक सोडले नाही आणि जोर कमी ठेवला, तर त्या पितळी नळीतून स्वराबरोबर श्वासही ऐकू येतो. बेकरने हे कार्य आयुष्यभर केले. कूल जॅझ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संयत शैलीवर भावनाशून्यतेचा जो आरोप नेहमी होतो, तो बहुतांशी आवाजाच्या जोराला भावनेचे माप समजल्यामुळे होतो. त्याच्या वादनात भावना कमी असती, तर एखाद्या स्वराच्या सुरुवातीला होणारा सूक्ष्म विलंब इतका बोचला नसता.

हे सर्व श्रेय मलिगनचे, बेकर हा केवळ त्याच्या योजनेतला एक हस्तक, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि त्यात तथ्यांश आहे. माइल्स डेव्हिसच्या नावावर न्यूयॉर्कमध्ये 1949 व 1950 साली नऊ वाद्यांच्या वृंदाने जी ऐतिहासिक मुद्रणे केली, त्यांतील संगीतरचनेचा मोठा वाटा मलिगनचा होता. नऊ जणांतून चौघांवर येताना कोणता स्वर गाळला तरी चालेल आणि कोणता गाळता कामा नये, हे ज्ञान त्याने तेथूनच आणलेले होते. परंतु योजना कितीही सूक्ष्म असली तरी तिच्यात ऐनवेळी उत्तर देणारा सहवादक लागतो. या दोघांचे संवाद लिहून ठेवलेले नव्हते. एकाचे वाक्य संपण्याच्या सुमारास दुसऱ्याने त्याचा धागा उचलावयाचा, हे क्षणोक्षणी घडत होते. 1953 साली मादक पदार्थांच्या गुन्ह्याखाली मलिगनला कैद झाली आणि तो वृंद मोडला, तेव्हा बेकरने जे केले त्यावरून त्याची स्वतंत्र योग्यता आणि त्या योग्यतेची मर्यादा अशा दोन्ही गोष्टी दिसून येतात.

त्याने पियानो परत आणला. रस फ्रीमन हा तल्लख, काहीसा करड्या स्वभावाचा पियानोवादक सोबत घेऊन 'पॅसिफिक जॅझ' कंपनीसाठी त्याने जी मुद्रणे केली ती ऐकण्यासारखी आहेतच. पण त्यांत फ्रीमनचा पियानो पुष्कळदा बेकरचे वाक्य त्याच्याआधी पूर्ण करून टाकतो, आणि ट्रंपेटच्या अंगावरची जबाबदारी तितकी हलकी होते. त्याच वेळी, 1954 साली, त्याने गाऊनही एक तबकडी केली. तिच्यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली: आवाज पातळ, पुरुषी नव्हे, शब्दांत नाट्य नाही. मला ते गायन त्या काळच्या वादनाहून अधिक उद्बोधक वाटते. गळ्याचे सामर्थ्य मुळातच तोकडे असल्यामुळे तेथे तो एकही स्वर वाया घालवीत नाही, आणि ट्रंपेट वाजविताना त्याच्या मनात जी सुरावट चालत असे ती कशी घडते हे गाताना उघडे पडते.

बेकरला या काळात लाभलेल्या लोकप्रियतेत एक अन्यायही होता, आणि तो सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. 'डाउनबीट' मासिकाच्या वाचकांनी त्या वर्षांत बेकरला ट्रंपेटवादकांत अग्रस्थान दिले, आणि ते डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस व क्लिफर्ड ब्राउन हयात व ऐन भरात असताना दिले. जी कला कृष्णवर्णीयांनी निर्माण केली तिचा शिरपाव एका गोऱ्या, देखण्या तरुणाला मिळावा, यात अमेरिकेतील वर्णव्यवस्थेचा हात स्पष्ट दिसतो. पण या अन्यायाचे खापर ध्वनिमुद्रिकांवर फोडून त्यांना क्षुद्र ठरविणे ही दुसरी चूक होय. चार्ली पार्करने 1952 साली पश्चिम किनाऱ्यावरील आपल्या कार्यक्रमांसाठी ज्या तरुणाची निवड केली, त्याला काय ऐकू येते हे पार्करला कळत नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही.

मोजक्या साथीतल्या त्याच्या मुद्रणांत मला सर्वांत धाडसी वाटतात ती पॅरिसमधली. सप्टेंबर 1955 मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा त्याच्यासोबत बॉस्टनचा डिक ट्वार्डझिक हा अवघा चोवीस वर्षांचा पियानोवादक होता. ऑक्टोबरमध्ये 'बार्कले' कंपनीसाठी या वृंदाने बॉब झीफ या फारशा कोणाला माहीत नसलेल्या रचनाकाराच्या रचना मुद्रित केल्या. बासवर जिमी बाँड होता आणि ड्रमवर पीटर लिटमन. झीफच्या रचना लोकप्रिय गीतांच्या परिचित साच्यांत बसत नाहीत. त्यांतील स्वरसमूह अपेक्षित दिशेला न जाता आडवाटेला वळतात; आणि ट्वार्डझिकचा पियानो दप्तरदाराचे काम मुळी पत्करीतच नाही. तो आडवे, टोकदार, कधी कधी मुद्दाम अपुरे ठेवलेले स्वरसमूह लावतो आणि ट्रंपेटला वाट दाखविण्याऐवजी प्रश्न विचारतो. येथे माझ्या प्रतिपादनाला एक दुरुस्ती जोडावी लागते: पियानो असणे वा नसणे एवढ्यानेच काही ठरत नाही, साथीदार आधार देतो की तो नाकारतो, यावर सर्व अवलंबून असते. ट्वार्डझिकने तो नाकारला, आणि पंचवीस वर्षांच्या बेकरने, ज्याला स्वरलिपीचे वाचन सफाईने जमत नसे, या अवघड रचनांतून अशी सरळ, स्वच्छ वाट काढली की त्या अवघड आहेत हे प्रथम श्रवणात ध्यानातही येत नाही. शेवटच्या मुद्रणानंतर अवघ्या काही दिवसांत, 21 ऑक्टोबर रोजी, पॅरिसमधल्या हॉटेलात हेरॉइनच्या अतिसेवनाने ट्वार्डझिकचा मृत्यू झाला. आधुनिक जॅझची जी एक शाखा तेथे फुटू पाहत होती ती खुंटली. ही हानी मी बेकरच्या पुढील सर्व आपत्तींहून मोठी मानतो.

त्या आपत्ती सर्वश्रुत असल्याने त्यांचा विस्तार करीत नाही. 1960 साली इटलीतील लुक्का येथे अटक आणि वर्षाहून अधिक कारावास, 1966 साली कॅलिफोर्नियात झालेली मारहाण, दातांचा नाश, कवळी बसवून ओठांची सारी ठेवण नव्याने शिकणे, आणि 1970 नंतरच्या दशकात हळूहळू पुनरागमन. यातनांमुळे त्याची कला उंचावली असे म्हणणाऱ्या पक्षाने आता याच वर्षांतल्या ध्वनिमुद्रिका काढून ऐकाव्यात. यातना शिगेला पोहोचल्या त्या 1960 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि त्याच काळात त्याच्याकडून मेक्सिकन धाटणीच्या पितळी वृंदाबरोबर आणि तंतुवाद्यांच्या मखमली साथीबरोबर बाजारू गीतांच्या तबकड्या करवून घेण्यात आल्या. त्याच्या नावावरचे सर्वांत निर्जीव संगीत तेथे आहे. मनुष्य दुःखात होता, पैशाच्या ओढगस्तीत होता, शरीराने खचला होता, आणि तरीही त्या दुःखाचा एक थेंबसुद्धा स्वरांत उतरला नाही. कारण भोवतीच्या वृंदाने सुरावटीचे प्रत्येक वाक्य आधीच भरून ठेवले होते आणि त्याच्याकरिता काही करावयाचे शिल्लकच उरले नव्हते. दुःखाने कला पिकते, हा सिद्धांत सुखवस्तू रसिकांना फार मानवतो. दुसऱ्याच्या व्यसनातून आपल्याला सौंदर्य लाभले असे म्हणण्यात एक क्रूरताही आहे, आणि ती क्रूरता सोडून देण्यास ही वर्षे पुरेसा पुरावा आहेत.

उलट 1979 साल पाहावे. त्या वर्षी कोपनहेगन येथे 'स्टीपलचेस' या डॅनिश कंपनीसाठी बेकरने गिटारवादक डग रेनी आणि बासवादक नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन यांच्यासह तिघांचा वृंद केला. पियानो नाही, आणि या वेळी ड्रमही नाही. जूनमध्ये स्टुडिओत 'द टच ऑफ युअर लिप्स' ही ध्वनिमुद्रिका झाली, आणि ऑक्टोबरच्या 4 तारखेला त्याच शहरातल्या 'मोंमार्त्र' क्लबात जे काही वाजले, त्यातून तीन स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाल्या. माझ्या मते बेकरची सर्वश्रेष्ठ कला येथे आहे.

ड्रम काढून टाकल्याने काय साधते हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. झांजांचा सळसळता नाद ज्या उंच ध्वनिपट्ट्यात पसरलेला असतो, त्याच पट्ट्यात ट्रंपेटमधील श्वासाचा नाद असतो; झांजा थांबल्या की तो श्वास प्रथमच मोकळेपणी ऐकू येतो. वाक्य संपल्यानंतरची शांतता रिकामी राहते, तिला कोणी भरून काढीत नाही. आणि ती किती वेळ टिकवावयाची हा निर्णय सर्वस्वी वादकाकडे येतो. तिसरी गोष्ट लयीची. बेकर ठोक्याच्या किंचित मागे राहून वाजवीत असे. ड्रमचा ठोका कानावर पडत असताना त्याच्या मागे राहणे तुलनेने सुकर असते. पण तो ठोका उघडपणे वाजतच नसताना मागे राहावयाचे तर तो स्वतःच्या अंगात घट्ट मुरलेला असावा लागतो. पेडरसनची बोटे बासवर विलक्षण वेगाने व स्पष्टतेने चालत, रेनीची गिटार मोजकेच स्वरसमूह लावून बाजूला होत असे, आणि या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत बेकर एखादे वाक्य असे ठेवी की ते उशिरा आले असे वाटतानाच ते अगदी वेळेवर पोहोचल्याचे उमगावे. कवळीमुळे तार सप्तकातला जोर त्याच्या ओठांना पूर्वीइतका झेपत नव्हता, हे खरे. आणि मृदू वृंदात त्या जोराची गरजच पडत नव्हती, हेही तितकेच खरे. पण जोराची उणीव आणि वाक्याची बांधणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. तारुण्यात त्याचे वाक्य तीन मिनिटांच्या मर्यादेत आटोपते घेतलेले असे. येथे एकेक गीत कितीतरी अधिक वेळ चालते, आणि सुरावटीचा एक लहानसा तुकडा तो वळवून, उलटवून, अर्धवट सोडून, बऱ्याच वेळाने पुन्हा उचलून, संपूर्ण वादनाला एका सूत्रात बांधतो. ही क्षमता 1952 मध्ये त्याच्याजवळ नव्हती. ती दुःखाने दिली नाही. तीस वर्षांच्या व्यवसायाने, म्हणजे तीच तीच गीते शेकडो रात्री वाजवून त्यांतली प्रत्येक वाट पायाखाली घातल्याने ती आली.

याला व्यवहाराच्या बाजूने एक आक्षेप निघतो. तिघांचा वृंद स्वस्त पडतो. युरोपभर एकट्याने फिरणाऱ्या, रोख रकमेच्या तगाद्यात जगणाऱ्या वादकाला तोच परवडला. तेव्हा ज्याला मी कलेची निवड म्हणतो ती केवळ निकड होती. निकड होतीच, ती मी नाकारीत नाही. त्याच निकडीपोटी त्याने उत्तरायुष्यात इतकी मुद्रणे केली की त्यांतली पुष्कळशी निष्काळजी, काही तर ऐकवत नाहीत अशी आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांतही साथ मोजकीच आहे. मोजकी साथ हे यशाचे हमीपत्र नव्हे. ती सर्व जबाबदारी उघडी पाडते, आणि ज्या रात्री वादक ती पेलू शकत नाही त्या रात्री त्याचे अपयशही झाकत नाही. मोजक्या साथीची ही निर्दय पारदर्शकता हाच मला तिच्या बाजूचा सर्वांत प्रबळ मुद्दा वाटतो. मोठ्या वृंदात वाईट रात्र आणि चांगली रात्र यांतला फरक श्रोत्याला कळेनासा होतो.

झीफची 'सॅड वॉक' ही रचना या दृष्टीने दोनदा ऐकावी: एकदा 1955 सालची, ट्वार्डझिकसह पॅरिसमध्ये मुद्रित झालेली, आणि एकदा 1985 सालची, फिलिप कॅथरिनची गिटार व झाँ-लुई रासिंफोसचा बास एवढ्याच साथीवर वाजविलेली. एकच रचना, एकच ट्रंपेटवादक, मध्ये तीस वर्षे. पहिल्या मुद्रणात बेकर जणू ठाऊक नसलेल्या घरात जपून पावले टाकतो. पियानोचे काळोखे स्वरसमूह त्याला कधी पुढे ढकलतात, कधी अडवितात, आणि त्या ताणातून एक थरार निर्माण होतो. दुसऱ्या मुद्रणात पियानो नाही, ड्रम नाही. अडविणारे कोणीच नाही. झीफने मांडलेल्या आडवळणांचा भार आता ट्रंपेटलाच वाहावा लागतो, आणि बेकर ते वळण येण्याच्या आधीच एखादा स्वर असा सूचित करून ठेवतो की वळण आले तेव्हा ते अटळ वाटते. ट्वार्डझिक जे प्रश्न विचारीत असे ते बेकरने इतक्या वर्षांत स्वतःच्या वाक्यात सामावून घेतले होते, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करता येणार नाही. पण दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकणाऱ्याला तो निराधार वाटणार नाही. त्याच वर्षी पियानोवादक पॉल ब्ले याच्यासह केलेली 'डायॅन' ही दोघांचीच ध्वनिमुद्रिका या विचाराला आणखी एक पुष्टी देते. ब्ले हा पूर्ण वाक्य कधी स्वतः बोलत नाही आणि दुसऱ्यालाही सुचवीत नाही. आणि अशा मितभाषी पियानोसमोर बेकर जितका मोकळा झाला आहे, तितका तो फ्रीमनसमोर कधी झाला नव्हता.

आता माझ्या मताला सर्वांत अडचणीचा असलेला पुरावा. 28 एप्रिल 1988 रोजी जर्मनीतील हानोव्हर येथे बेकरने एका पूर्ण बिग बँडसह आणि नभोवाणीच्या वाद्यवृंदासह वादन केले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, 13 मे रोजी, अ‍ॅम्स्टरडॅममधील हॉटेलच्या खिडकीतून पडून त्याचा अंत झाला. एवढ्या प्रचंड साथीत, शरीर इतके जर्जर असताना त्याने तेथे 'माय फनी व्हॅलेंटाइन' वाजविले, आणि ते त्याच्या उत्तम वादनांपैकी एक आहे हे नाकारण्याचा माझा इरादा नाही. 1966 च्या त्या मखमली तबकड्यांत जे मेले होते ते येथे जिवंत का राहिले, याचे पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. वाद्यवृंदाच्या योजनेत ट्रंपेटसाठी राखलेला अवकाश हे एक कारण असेल. पण मला त्याहून संभाव्य वाटते ते असे की, एव्हाना त्याच्या कानाला साथीची सवयच उरली नव्हती. मागल्या दहा वर्षांत पुष्कळदा पियानो वा ड्रम यांच्यावाचून गीताचा सारा हिशेब एकट्याने वाहिलेला वादक पन्नास-साठ वाद्यांसमोर उभा राहिला, आणि त्यांच्याकडून काहीही मागण्याची गरज त्याला वाटली नाही. बासने 1952 साली उघडी करून दाखविलेली ती षड्जापासून धैवतापर्यंतची उतरंड एवढ्या वाद्यांच्या गर्दीतही तो स्वतःच्या स्वरांतूनच ऐकवीत होता.